हायड्रोजन, १०० केल्विन: एका उष्माधारकतेची अनेक उत्तरं

एक मोल हायड्रोजन वायू बंद भांड्यात आहे. आकारमान बदलत नाही, दाब बेताचा आहे, त्यामुळे वायू आदर्श धरायला हरकत नाही. तापमान १०० केल्विन, म्हणजे उणे १७३ अंश सेल्सिअस. ते एका केल्विनने वाढवायचं तर किती उष्णता द्यावी लागेल?

बारावीचा विद्यार्थी हे उदाहरण अर्ध्या मिनिटात सोडवेल. हायड्रोजन द्विअणुक, स्वातंत्र्य कोटी, म्हणजे हालचालीचे स्वतंत्र प्रकार, ५, म्हणून सीव्ही (स्थिर आकारमानाला एका मोलची उष्माधारकता, म्हणजे तापमान एका केल्विनने वाढवायला लागणारी उष्णता) म्हणजे ५/२ आर. आर, म्हणजे वायू स्थिरांक, ८.३१४ धरला की उत्तर आलं २०.८ ज्यूल. सिलिंडरमधला साधा हायड्रोजन १०० केल्विनपर्यंत थंड करून प्रत्यक्ष मोजलं, तर आकडा १४ ज्यूलच्या थोडासाच वर येतो. जवळजवळ एक तृतीयांश उष्णता कमी. १९१२ ते १९२७ या काळात कमी तापमानाच्या हायड्रोजनने भल्याभल्या भौतिकशास्त्रज्ञांना अडवून धरलं होतं. पुंज सिद्धांत (क्वांटम थिअरी) हाताशी आल्यावर कोडं सुटेल अशी अपेक्षा होती; पण पुंज सिद्धांत लावून केलेला पहिला सरळ हिशोब या तापमानाला मोजमापापासून आणखीच लांब गेला.

वायूंची उष्माधारकता शिकवताना हे प्रकरण पूर्ण उलगडून दाखवायला हवं असं मला मनापासून वाटतं. इथे सूत्र चुकलेलं नव्हतं, ऊर्जेच्या पातळ्याही चुकलेल्या नव्हत्या. चूक होती ती बेरीज कधी करायची आणि सरासरी कधी काढायची या क्रमात. आणि त्या क्रमाचा निर्णय कागदावर होत नाही, भांड्यातल्या वायूला किती वेळ मिळाला यावर होतो.

पुस्तकातला हिशोब कुठवर चालतो

ऊर्जेच्या समविभाजनाचा नियम सांगतो की प्रत्येक स्वातंत्र्य कोटीमागे एका मोलची ऊर्जा अर्धा आर-टी. हेलियम, आर्गॉन यांसारख्या एकाणुक वायूंना फक्त तीन दिशांनी सरकता येतं, म्हणून सीव्ही ३/२ आर, म्हणजे १२.५ ज्यूल. द्विअणुक रेणू सरकतो आणि दोन अक्षांभोवती फिरतो, म्हणून ५/२ आर. स्थिर दाबाचा आकडा, म्हणजे सीपी, हवा असेल तर त्यात एक आर मिळवायचा. सीपी वजा सीव्ही बरोबर आर हे मेयर यांचं नातं आदर्श वायूला कुठल्याही तापमानाला लागू पडतं, कारण ती जादा उष्णता वायूच्या प्रसरणात जाते, रेणूच्या आत काय चाललंय याच्याशी तिचा संबंध नसतो.

आता खोलीच्या तापमानाचे प्रत्यक्ष आकडे पाहा. नायट्रोजनचा सीव्ही २०.८, अगदी नियमाबरहुकूम. ऑक्सिजन २१.१, किंचित वर. क्लोरीन २५.६, बराच वर. हायड्रोजन २०.५, किंचित खाली. ‘द्विअणुक म्हणजे पाच’ हा नियम म्हणजे नायट्रोजनसाठी सोयीचं एक अंदाजपत्रक आहे, निसर्गाचा कायदा नव्हे, हे या चार आकड्यांवरूनच दिसतं. दोन अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा कंप पावतो, तर त्या कंपनाच्या दोन स्वातंत्र्य कोटी का मोजायच्या नाहीत? मोजल्या तर ७/२ आर यायला हवा, आणि कुठलाच साधा द्विअणुक वायू खोलीच्या तापमानाला तेवढा देत नाही.

ही टोचणी जुनी आहे. मॅक्सवेल यांना १८६० मध्येच दिसलं होतं की त्यांच्या गणितातून सीपी भागिले सीव्ही, म्हणजे गॅमा, हे गुणोत्तर १.३३ येतं आणि हवेचं मोजलेलं गुणोत्तर १.४०८ आहे. आपल्या सिद्धांताला हा मोठा धक्का आहे हे त्यांनी लपवलं नाही. १८७६ मध्ये कुंट आणि वारबुर्ग यांनी पाऱ्याच्या वाफेत ध्वनीचा वेग मोजून गॅमा १.६६ च्या आसपास काढला, म्हणजे पाऱ्याचा रेणू एकाणुक; एकाणुक वायूचं गणित तरी बरोबर निघालं. त्याच सुमारास बोल्टझमन यांनी द्विअणुक रेणू ताठ डंबेलसारखा धरून १.४ चं समर्थन केलं. पण बंध ताठ का धरायचा, याला उत्तर नव्हतं. एप्रिल १९०० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात लॉर्ड केल्विन यांनी भौतिकशास्त्रावरच्या दोन काळ्या ढगांचा उल्लेख केला, त्यातला दुसरा ढग हाच: ऊर्जेचं समविभाजन.

भांड्याचीच उष्णता जास्त

वायूचा सीव्ही थेट मोजणं किती अवघड आहे हे आकड्यांनी समजतं. एक मोल हायड्रोजन म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम. त्याला केल्विनमागे वीस ज्यूल लागतात. तो ज्या पोलादी भांड्यात कोंडायचा ते एक किलोचं असेल तर त्या भांड्यालाच केल्विनमागे साडेचारशेहून जास्त ज्यूल लागतात. एकूण मोजमापातून भांड्याचा वाटा वजा करायचा, आणि उरलेल्या चिमूटभर फरकात वायू शोधायचा. म्हणून बहुतेक ठिकाणी गॅमाचा आडमार्ग घेतात. पदवीच्या प्रयोगशाळेतला क्लेमाँ आणि देसोर्म यांचा मोठ्या बाटलीचा प्रयोग किंवा कुंट यांची नळी, दोन्हींत गॅमा मिळतो आणि मेयर यांच्या नात्यातून सीव्ही निघतो.

कमी तापमानाला मात्र ही अडचण आपोआप सैल होते. धातूची उष्माधारकता तापमानाबरोबर झपाट्याने घसरते. ५० केल्विनला लोखंडाची उष्माधारकता खोलीच्या तापमानाच्या साधारण दहाव्या हिश्शावर येते. वायू दाबून भरला की भांड्याच्या तुलनेत त्याचा वाटा ठळक होतो. बर्लिनमध्ये नेर्न्स्ट यांच्याकडे काम करणाऱ्या आर्नोल्ड ऑयकेन यांनी १९१२ मध्ये हाच मार्ग धरला. त्यांना दिसलं की हायड्रोजनचा सीव्ही खोलीच्या तापमानाला ५/२ आरच्या जवळ असतो, थंड करत गेलं की सलग खाली उतरत जातो, आणि ६० केल्विनच्या आसपास ३/२ आरवर येऊन थांबतो. दोन अणूंचा रेणू हेलियमसारखा वागायला लागतो. फिरण्याच्या दोन्ही स्वातंत्र्य कोटी जणू नाहीशाच झाल्या.

हे फक्त हायड्रोजनमध्येच का दिसावं? रेणू फिरण्याच्या ऊर्जा सलग नसतात, त्यांच्या पातळ्या असतात. जे हा ०, १, २, ३ असा पूर्णांक घेतला तर ऊर्जा येते जे × (जे + १) × के × थीटा. के म्हणजे बोल्टझमन यांचा स्थिरांक. थीटा हे त्या रेणूचं परिवलन तापमान. रेणू हलका आणि आखूड असेल तितकं ते मोठं. हायड्रोजनच्या अणूंमधलं अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम आणि वस्तुमान सगळ्यांत कमी, त्यामुळे थीटा सुमारे ८५.३ केल्विन येतं. नायट्रोजनचं ते २.९ आणि ऑक्सिजनचं २.१ केल्विन. नायट्रोजन ७७ केल्विनलाच द्रव होतो, म्हणजे त्याचं फिरणं गोठण्याआधी वायूच संपतो. हायड्रोजन २०.३ केल्विनपर्यंत वायू राहतो, म्हणून त्याच्यात हे गोठणं मोजता येतं. निसर्गाने हा प्रयोग करण्याजोगा जवळपास एकच वायू दिला आहे.

कंपनाचं कोडंही याच पद्धतीने सुटतं आणि ते चटकन उरकता येतं. हायड्रोजनच्या कंपनाचं तापमान ६००० केल्विनच्या घरात आहे. ३०० केल्विनला त्याचा वाटा आरच्या एक लाखांश भागाहूनही कमी. क्लोरीनचा बंध सैल आणि अणू जड, म्हणून त्याचं कंपन खोलीच्या तापमानालाच अर्धंअधिक जागं झालेलं असतं. हायड्रोजनचा सीपी १००० केल्विनला ३०.२ आणि २००० केल्विनला ३४.३ होतो, तो मुख्यतः कंपन जागं होत गेल्यामुळे.

१०० केल्विनचा हिशोब, हाताने

आता मूळ प्रश्नाकडे. सरकण्याचा वाटा ३/२ आर ठरलेला आहे. फिरण्याचा वाटा काढायचा. कृती अशी: प्रत्येक पातळीची ऊर्जा के-टीने भागून एक्स घ्यायचा, त्या पातळीचं वजन म्हणजे तिच्यातल्या अवस्थांची संख्या गुणिले ई चा उणे एक्स घात, सगळ्या वजनांची बेरीज म्हणजे पार्टिशन फंक्शन. मग उष्माधारकता भागिले आर म्हणजे एक्सच्या वर्गाची सरासरी वजा एक्सच्या सरासरीचा वर्ग. कॅल्क्युलेटर आणि पाठकोरा कागद एवढ्यावर हे होतं, आणि विद्यार्थ्याने ते एकदा तरी हाताने करावंच. संगणकात सूत्र घालून मिळालेल्या आलेखात पुढची गंमत हाती लागत नाही.

थीटा भागिले तापमान ०.८५३. तर एक्स असे येतात: जे ० साठी ०, जे १ साठी १.७०६, जे २ साठी ५.११८, जे ३ साठी १०.२३६. प्रत्येक पातळीत २जे + १ अवस्था. वजनं अनुक्रमे १, ०.५४४८, ०.०२९९ आणि ०.०००२५. बेरीज १.५७५. एक्सची सरासरी ०.६८९, वर्गाची सरासरी १.५२१. म्हणून फिरण्याचा वाटा १.५२१ वजा ०.४७५, म्हणजे १.०५ आर.

एकूण २.५५ आर, २१.२ ज्यूल. मोजलेले १४.२. पुस्तकातल्या ढोबळ ५/२ आरपेक्षाही हे उत्तर वाईट. शिवाय या हिशोबाचा आलेख सुरुवातीला एक आरच्या वर टेकाडासारखा फुगतो आणि मग खाली येऊन एक आरवर स्थिरावतो. ऑयकेन यांच्या मोजमापात असं टेकाड कुठेच नव्हतं, रेषा शांतपणे चढत गेलेली. १९१३ मध्ये आइन्स्टाइन आणि स्टर्न यांनी शून्यबिंदू ऊर्जा गृहीत धरून, एरेनफेस्ट यांनी फिरण्याच्या पातळ्या धरून प्रयत्न केले. पुढची चौदा वर्षं अनेकांनी वेगवेगळ्या पातळ्या, वेगवेगळी वजनं लावून पाहिली; एका टोकाला जुळवलं की दुसरं टोक सुटायचं.

१९२६-२७ मध्ये नवं पुंजयांत्रिकी आलं आणि त्याने एक गोष्ट ठणकावून सांगितली: हायड्रोजनच्या रेणूतली दोन केंद्रकं, म्हणजे दोन प्रोटॉन, एकसारखी आहेत, त्यामुळे सगळ्या पातळ्या सारख्या भावाने मोजता येत नाहीत. प्रोटॉनची स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत, फिरकीसारखा पुंज गुणधर्म, अर्धा. दोन प्रोटॉनच्या स्पिनच्या चार जोड्या होतात. त्यातल्या तीन सममित, म्हणजे प्रोटॉनची अदलाबदल केली तरी तशाच राहणाऱ्या, आणि एक प्रतिसममित, म्हणजे अदलाबदलीत चिन्ह बदलणारी. सममित जोडीबरोबर फक्त विषम जे चालतात, त्या रेणूंना ऑर्थो म्हणतात. उरलेल्या एका जोडीबरोबर फक्त सम जे, ते पॅरा. म्हणजे विषम पातळ्यांचं वजन तिप्पट करायचं.

करून पाहू. जे १ चं वजन ९ अवस्थांनी १.६३४ होतं, जे ३ चं ०.०००७५, सम पातळ्या तशाच. बेरीज २.६६५. एक्सची सरासरी १.१०७, वर्गाची सरासरी २.१०९. उत्तर ०.८८ आर.

एकूण २.३८ आर, १९.८ ज्यूल. अजूनही १४.२ पासून खूप दूर. आणि ५० केल्विनला हाच हिशोब केला तर फिरण्याचा वाटा २.०७ आर येतो, जिथे मोजमाप जवळजवळ शून्य सांगतं! आता पातळ्या बरोबर, वजनं बरोबर, स्पिन बरोबर, आणि तरी टेकाड पूर्वीपेक्षा दुप्पट उंच. फ्रिडरिष हुंड यांनी १९२७ मध्ये स्पिनचं गुणोत्तर आणि रेणूचं आकारमान जुळवून घेऊन हा आलेख मोजमापावर बसवायचा प्रयत्न केला, पण त्यासाठी धरावी लागलेली जडत्व आघूर्णाची (फिरण्याला रेणू किती विरोध करतो याच्या मापाची) किंमत वर्णपटाशी जुळेना. कोपनहेगनमध्ये होरी यांनी हायड्रोजनच्या वर्णपटाचं विश्लेषण करून ती ४.६७ गुणिले दहाचा उणे ४१ वा घात ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर अशी पक्की केली होती, आणि एकाआड एक रेषांची तीव्रता तीनास एक या प्रमाणात आहे हेही दाखवलं होतं.

डेनिसन यांचा एक बदल

डेव्हिड डेनिसन हे तरुण अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा युरोपात होते. १९२७ च्या त्यांच्या छोट्याशा टिपणात पातळ्यांना हात लावलेला नाही. त्यांनी विचारलं एवढंच: ऑर्थो रेणू पॅरा व्हायला किती वेळ लागतो? रेणू एकमेकांवर आदळले तरी टकरीत केंद्रकाची स्पिन सहजी उलटत नाही; तिला उलटवायला रेणूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलणारं चुंबकीय क्षेत्र लागतं, आणि स्वच्छ हायड्रोजनमध्ये ते फार क्षीण असतं. तेव्हा खोलीच्या तापमानाला तीनास एक असलेलं मिश्रण १०० केल्विनला नेलं तरी तीनास एकच राहील. प्रयोग तासाभराचा, रूपांतर त्याच्या कितीतरी पट संथ.

एकाच वाड्यात राहून चुली वेगळ्या असलेल्या दोन भावांचा खर्च काढायचा असेल तर दोन्ही घरांचे हिशोब आधी स्वतंत्र मांडावे लागतात आणि मगच एकत्र करावे लागतात. सगळं धान्य एका कणगीत धरून चालत नाही. डेनिसन यांनी तेच केलं. पॅराचा पार्टिशन फंक्शन वेगळा, ऑर्थोचा वेगळा, दोन्हींची उष्माधारकता वेगळी, आणि शेवटी पाव अधिक पाऊण.

पॅरा: जे ० आणि जे २. वजनं १ आणि ०.०२९९. जे २ वर असण्याची संभाव्यता ०.०२९९ भागिले १.०२९९, म्हणजे ०.०२९१. दोनच पातळ्या महत्त्वाच्या असल्याने उष्माधारकता म्हणजे एक्सचा वर्ग गुणिले संभाव्यता गुणिले उरलेली संभाव्यता: २६.१९ × ०.०२९१ × ०.९७०९. उत्तर ०.७४ आर.

ऑर्थो: सुरुवातच जे १ पासून. पुढची पातळी जे ३, मधलं अंतर दहा थीटा, म्हणजे ८५३ केल्विन. एक्स ८.५३. वर जाण्याची संभाव्यता ०.०००४६. उष्माधारकता ७२.८ × ०.०००४६, म्हणजे ०.०३ आर. ऑर्थो १०० केल्विनला जवळजवळ गोठलेला आहे: तो फिरतो आहे, पण उष्णता घेऊन त्याहून वेगाने फिरायला तयार नाही. फिरणं गोठलं म्हणजे रेणू थांबला असा समज अनेकदा होतो, तो इथे दूर व्हायला हवा. ऑर्थो रेणूला थांबण्याची परवानगीच नाही, जे ० त्याच्या वाट्याला येत नाही.

मिश्रण: पाव गुणिले ०.७४ अधिक पाऊण गुणिले ०.०३. बेरीज ०.२१ आर. एकूण १.७१ आर, १४.२ ज्यूल.

मोजमापाशी हे उत्तर जुळतं. फक्त १०० ला नाही, सगळ्या पट्ट्यात. ३०० केल्विनला याच पद्धतीने पॅरा १.०९ आर, ऑर्थो ०.९२ आर आणि मिश्रण ०.९६ आर येतं, म्हणून खोलीच्या तापमानालासुद्धा हायड्रोजन ५/२ आरच्या थोडा खालीच राहतो. उरलेली बारीकशी तूट रेणू वेगाने फिरताना किंचित ताणला जातो याची दखल घेतली की भरून निघते. आणि टेकाड? पॅराचा एकट्याचा आलेख एक आरच्या वर जातोच, पण मिश्रणात त्याचा वाटा चौथाई, त्यामुळे ऑर्थोच्या सावकाश चढणाऱ्या रेषेखाली तो लपून जातो.

या हिशोबाचं दुसरं फळ मला पहिल्याहून मोठं वाटतं. तीनास एक हे प्रमाण प्रोटॉनची स्पिन अर्धा असेल तरच येतं. म्हणजे एका थंड वायूला किती उष्णता लागते यावरून अणुकेंद्रकाचा एक मूलभूत गुणधर्म ठरला. उष्मागतिकीच्या सूत्रांत केंद्रकाचं नावसुद्धा येत नाही.

पडताळा

डेनिसन यांचं म्हणणं खरं असेल तर ऑर्थो आणि पॅरा वेगळे करता यायला हवेत. १९२९ मध्ये बर्लिनच्या डालेम भागातल्या कैसर विल्हेल्म संस्थेत बॉनहोफर आणि हार्टेक यांनी ते करून दाखवलं. हायड्रोजन कोळशावर शोषला, द्रव हायड्रोजनच्या तापमानाला, म्हणजे २० केल्विनच्या आसपास, ठेवला आणि बाहेर काढला. कोळशाच्या पृष्ठभागावर स्पिन उलटायची सोय होते, त्यामुळे वायू समतोलाला पोचतो आणि २० केल्विनचा समतोल म्हणजे ९९.८ टक्के पॅरा. हा वायू काचेच्या भांड्यात खोलीच्या तापमानाला आणला तरी पॅराच राहिला. दोन्हींतला फरक त्यांनी ओळखला तो उष्णतावहनावरून: तापवलेल्या बारीक तारेभोवती पॅरा वायू असला की तो जास्त उष्णता वाहून नेतो, कारण त्या तापमानांना त्याची उष्माधारकता जास्त. म्हणजे ज्या राशीमुळे कोडं पडलं तीच मोजपट्टी झाली.

त्याच वर्षी ऑयकेन यांनी हिलर यांच्याबरोबर दाबाखाली थंड ठेवलेल्या हायड्रोजनची उष्माधारकता काळानुसार बदलत जाते हे दाखवलं. आणि टोरंटोला मॅकलेनन आणि मॅकलिऑड यांनी द्रव हायड्रोजनवर रामन परिणामाचा, म्हणजे रेणूंवरून विखुरताना प्रकाशाची तरंगलांबी बदलते त्याचा, प्रयोग केला. कलकत्त्याला रामन यांचा शोध लागून वर्षच झालं होतं. २० केल्विनला सगळे रेणू जे ० वर असतील तर एकच परिवलन रेषा दिसायला हवी. दिसल्या दोन, एक जे ० वरून २ ला जाणाऱ्यांची, दुसरी १ वरून ३ ला जाणाऱ्यांची. गोठलेले ऑर्थो रेणू प्रत्यक्ष प्रकाशात पकडले गेले. हायझेनबर्ग यांच्या १९३२ च्या नोबेल पुरस्काराच्या मानपत्रात हायड्रोजनच्या या दोन रूपांचा उल्लेख आहे, तो या सगळ्यामुळे.

टाकून दिलेला पहिला पुंज हिशोबही वाया गेला नाही. ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, सापडल्यावर एक साधा आणि एक जड अणू असलेला एचडी रेणू हाती आला. त्याची दोन टोकं वेगळी, म्हणून त्याला सम-विषमाचं बंधन नाही आणि सगळ्या पातळ्या २जे + १ या भावाने मोजायच्या. त्याच्या मोजमापात ते टेकाड खरोखर दिसतं. १९१३ नंतर लोक जो आलेख हायड्रोजनमध्ये शोधत होते तो एचडीचा होता.

टाकीत, आणि तक्त्यात

हे प्रकरण इतिहासात जमा झालेलं नाही. ऑर्थो रेणू जे १ वर अडकलेला असतो, पॅराहून मोलमागे १.४ किलोज्यूल वर. साधा हायड्रोजन तसाच द्रव केला तर द्रवात ऑर्थोचं हळूहळू पॅरा होत राहतं आणि ती ऊर्जा बाहेर पडते: किलोमागे एकूण ५२७ किलोज्यूल. एक किलो द्रव हायड्रोजन उकळायला लागतात फक्त सुमारे ४४६. टाकी कितीही उत्तम इन्सुलेट करा, उष्णता आतूनच येते; पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १८ टक्के हायड्रोजन उडून जातो. म्हणून द्रवीकरण संयंत्रात थंड होत जाणारा वायू लोहाच्या ऑक्साइडसारख्या उत्प्रेरकावरून नेतात आणि रूपांतर वाटेतच उरकून घेतात. भारताच्या जीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ च्या वरच्या टप्प्यात जळणारं इंधन द्रव हायड्रोजनच आहे. ते साठवायचं तर पॅरा स्वरूपातच साठवावं लागतं.

गणना करणाऱ्याला खरी ठेच तक्त्यात लागते. जॅनाफ या नावाजलेल्या उष्मारासायनिक सारणीत १०० केल्विनला हायड्रोजनचा सीपी सुमारे २८.१५ दिला आहे. वर काढलेल्या ०.८८ आरमध्ये अडीच आर मिळवले की २८.१ येतात, म्हणजे तो आकडा समतोलाचा, रूपांतर पूर्ण होऊ दिलेल्या वायूचा आहे. सिलिंडरमधला हायड्रोजन उत्प्रेरकाशिवाय थंड केला असेल तर त्याचा सीपी २२.५, तक्त्यातला आकडा उचलला तर उष्मा विनिमयकाचा हिशोब पंचवीस टक्क्यांनी चुकतो. आणि द्रव हायड्रोजनच्या टाकीतून उकळून बाहेर पडलेला वायू १०० केल्विनपर्यंत तापला असेल तर तो अजून जवळजवळ शुद्ध पॅराच असतो, त्याचा सीपी २६.९. तेव्हा हायड्रोजनच्या कुठल्याही कमी तापमानाच्या गणनेत आकडा घेण्याआधी वायू कुठून आला आणि वाटेत उत्प्रेरक होता की नाही हे लिहून घ्यावं. उत्प्रेरक असेल तर सगळ्या पातळ्यांचा एकच पार्टिशन फंक्शन; नसेल तर ऑर्थो आणि पॅरा वेगवेगळे काढून, वायू निघाला तेव्हाच्या प्रमाणात मिसळायचे.